दलित साहित्यातल्या बोलीशब्दांचा कोश हवा : चान्या, आयदान, अक्करमाशी आणि बरंच काही

चऱ्हाट (धागाकर्ता)

नमस्कार, जयभीम.

एम.ए.ला होतो तेव्हाची गोष्ट. वर्गात एका दलित आत्मकथनातला उतारा चालू होता. वाचता वाचता सर 'चान्या' या शब्दाशी अडले. 'काहीतरी खाण्याचा पदार्थ असावा,' म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले. वर्गात आम्ही साठेक जण असू. त्यातल्या आठ-दहा जणांना तरी चान्या म्हणजे काय ते ठाऊक होतं, मला तर चवीसकट ठाऊक होतं. एकानेही हात वर केला नाही. मीही नाही. अर्थ सांगितला असता तर 'तुला कसं माहीत?' यालाही उत्तर द्यावं लागलं असतं.

चान्या म्हणजे मोठ्या जनावराच्या मटणाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून, दोरीवर उन्हात वाळवून ठेवलेलं मटण. पावसाळ्यात हाताला काम नसायचं तेव्हा निखाऱ्यावर भाजून नाहीतर येसूर मसाला घालून कालवण करून खायचं. तुमच्या घरात कुरडया-पापडाच्या डब्याला जी जागा, ती आमच्याकडे चान्यांच्या गाडग्याला होती. सरांचा राग नाही. त्यांनी शब्द बघायचा तरी कुठे?

आता मी स्वतः मराठी शिकवतो आणि तीच अडचण माझ्या विद्यार्थ्यांना येते. त्यात आमच्याच वस्तीतली मुलंही आली, कारण ती पुण्यात वाढली. पुस्तकाच्या नावापासूनच अडतं. शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' 1984चं. तोळ्याचे मासे बारा. अकराच माशांचा तोळा म्हणजे हिणकस, एक मासा कमी. लग्नाबाहेर जन्मलेल्या पोराला गावाने हे सोनाराचं माप लावलं. बारामाशी तो अस्सल, अक्करमाशी तो उणा. हे कळलं नाही तर मुलं नाव पाठ करतात आणि पुढे जातात. इंग्रजी अनुवादाचं नाव 'द आउटकास्ट' आहे. अर्थ पोचतो, पण तराजू गळून पडतो. माणूस तोलायला तराजू वापरला, हेच तर त्या शब्दात सगळ्यात भयानक आहे.

शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' (1981) घ्या. तराळ म्हणजे गावकीची धावपळ, सांगावे-निरोप अंगावर असलेला महार. हे माहीत नसेल तर त्या नावातली झेप दिसतच नाही. तराळाच्या घरचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला.

मोठे कोश आपल्याकडे आहेत. मोल्सवर्थचा 1831चा, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857ची. मग दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश', 1932 ते 1938 या काळात निघालेले सात भाग आणि 1950ची पुरवणी. माझ्या टेबलावर हे कायम उघडे असतात, त्या माणसांच्या कष्टाला तोड नाही. पण काळ बघा. पुरवणी निघाली तेव्हा दलित साहित्य म्हणतात ते फारसं छापलंच गेलं नव्हतं. पहिलं दलित साहित्य संमेलन मुंबईत 1958 साली झालं, उद्घाटन अण्णा भाऊ साठ्यांनी केलं. 'जेव्हा मी जात चोरली होती' 1963चं, 'बलुतं' 1978चं, 'उपरा' 1980चं, 'जिणं आमुचं' 1986चं. म्हणजे या शब्दांना कागदावर आणणारी माणसं लिहायला लागली, त्याच्या आधीच कोशाचं काम थांबलं होतं. खुद्द 'दलित' हा शब्द मोल्सवर्थमध्ये आहे, पण दळलेलं, तुकडे तुकडे झालेलं एवढ्याच अर्थाने. 1972 साली दलित पँथर ही संघटना निघाली आणि पुढच्या वर्षीच्या जाहीरनाम्यात याच शब्दाचा अर्थ किती रुंद झाला, ते त्या नोंदीला कसं कळणार?

बाबासाहेबांनी स्वतः पाली शब्दकोश रचला होता. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या 16व्या खंडात तो आहे. घटना, कायदा, अर्थशास्त्र एवढं डोंगराएवढं काम अंगावर असताना हा माणूस एकेक पाली शब्द मांडत बसला होता. आपण निदान आपल्या आज्यांचे शब्द तरी मांडावेत असं मला फार मनापासून वाटतं.

मला हवा तो कोश असा : शब्द उच्चारला जातो तसा लिहिलेला, कुठल्या भागातला, कुणाच्या कामातला, कुठल्या पुस्तकात कुठल्या वाक्यात आला आणि आज कोणी बोलतं का. तुमची मतं सांगा. शब्द दिलेत तर त्याहून बरं.

शब्दवेडा

चऱ्हाट, वर्गातला प्रसंग वाचून गलबललो. चान्या हा शब्द मला आज पहिल्यांदा कळला, वय 68.

दोन शंका आहेत, राग मानू नये. पहिली भाषेची. 'दलित बोली' अशी एक बोली दाखवता येईल का? अमरावतीकडचा बौद्ध माणूस वऱ्हाडी बोलतो, रत्नागिरीचा कोकणी वळणाची मराठी बोलतो. लक्ष्मण मान्यांच्या 'उपरा'मागे कैकाडी आहे, आणि ती तर द्रविड कुळातली भाषा. हे सगळं एका टोपलीत घातलं तर कोश शास्त्रशुद्ध राहील का?

दुसरी शंका मनाची. सगळा लढा गावकुसाबाहेरून आत येण्याचा. मग शब्दांसाठी आपणच वेगळा वाडा का बांधायचा? हे शब्द थेट मराठीच्या सर्वसाधारण कोशात का जाऊ नयेत?

परळचा_पोरगा

गावाकडचे शब्द घ्याच, पण मुंबई विसरू नका. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' 1972चा. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे आणि हे जग आपल्या ओळखीचं नाही हे त्यांनी तिथे मोकळेपणाने लिहिलंय. कामाठीपुऱ्याची भाषा शिवारातली नाही. मराठीत हिंदी, उर्दू, तेलुगू, गिरणीतली, गुत्त्यातली, पोलीस ठाण्यातली भाषा कालवलेली. ढसाळांच्या कवितेत पन्नास वर्षांपूर्वीचे काही शब्द असे आहेत की त्या गल्लीत आज जन्मलेल्या पोरालाही सांगता येणार नाहीत. गल्ली तीच, माणसं बदलली. टॉवर आले. गावात निदान एखादी म्हातारी तरी सापडते, इथे विचारायचं कुणाला?

चऱ्हाट

शब्दवेडा काका, राग कसला, शंका बरोबरच आहेत.

एक बोली नाही, मान्य. धाग्याच्या नावातही मी म्हणूनच 'दलित साहित्यातल्या बोलीशब्दांचा' असं लिहिलं. पण 'गावातले सगळे एकच भाषा बोलतात' हेही खरं नाही. माझं हे नाव कुठून आलं ते सांगतो.

आमचा आज्जा दोर वळायचा. आम्ही मातंग. ओढ्याच्या कडेचं घायपात कापून आणायचं, काटे छाटायचे आणि पानांचे भारे डोहात दगडाखाली दाबून ठेवायचे. पंधरा दिवसांत पानं कुजायची. त्या वासाला गाव नाक धरायचं, आमची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला, त्यामुळे वास आमच्याच घरात. कुजलेली पानं दगडावर बडवायची, धुवायची. मग आत पांढरी लख्ख तार निघते, तो वाख. बडवताना चीक अंगावर उडायचा, हात कोपरापर्यंत खाजायचे. वाख वाळला की मांडीवर पीळ द्यायचा, एकेक पेड तयार करायचा, तीन पेड एकत्र वळायचे. दुसऱ्या टोकाला पीळ देत मागं मागं सरकायचं काम माझं. पीळ सैल पडला की आज्जा दोराला हात लावून सांगायचा, बघायचाही नाही. त्याच्या मांडीवरचे केस कायमचे गेले होते.

कुणब्याच्या तोंडी दावं आहे, कासरा आहे, वेसण आहे, म्होरकी आहे, शिंकं आहे. हे सगळे शब्द कोशात सापडतात, कारण ती वस्तू त्याच्या दारात आली. पण दोर होण्याआधीचं जे सगळं आहे, पाला कुजण्यापासून पेड बसेपर्यंत, त्याची भाषा आज्जाकडे होती. एकाच गावात, एकाच दोराच्या दोन टोकांना दोन शब्दसंग्रह. आज्जा गेला तेव्हा मी अकरावीत होतो. त्याच्या तोंडचे वीसेक शब्द मला पुसट आठवतात, अर्थ धड सांगता येत नाहीत. ही माझी वैयक्तिक हळहळ आहे आणि या धाग्याचं खरं कारणही तेच.

प्रमाण मराठीत चऱ्हाट म्हणजे लांबलचक, कंटाळवाणं बोलणं. आमच्याकडे चऱ्हाट म्हणजे लांब दोर. बाजारात एक चऱ्हाट विकलं गेलं की त्या दिवशी घरात गहू यायचा. हे दोन्ही अर्थ एकाच नोंदीत शेजारी शेजारी दिसायला हवेत.

वेगळ्या वाड्याचं म्हणाल तर, अहिराणीचे, वऱ्हाडीचे, मालवणीचे शब्दकोश निघाले तेव्हा कुणी त्याला फुटीरपणा म्हणालं नाही. आधी गोळा तर व्हायला हवं. गोळा झालेलं सगळ्यांना खुलं ठेवू, सर्वसाधारण कोशाने उद्या त्यातलं हवं ते खुशाल घ्यावं. मात्र घेताना 'ग्राम्य' असा शिक्का मारून घेऊ नये. शब्द ग्राम्य आहे की कामाचा आहे, ते काम केलेल्या माणसाने सांगावं.

सावित्रीची_लेक

चऱ्हाटदादा, मी फलटणकडची. तुमचा धागा वाचला आणि आईला फोन लावला. म्हटलं, तुमच्या लहानपणीचे येसकरकीचे, म्हणजे महारांच्या पाळीच्या गावकामाचे, शब्द सांग, कोश करायचाय. ती आधी गप्प. मग म्हणाली, 'कशाला उकरून काढताय? आमच्या आईबापानं ते सोडलं म्हणून तू शिकलीस.' आणि फोन ठेवला.

मला तिचं म्हणणं पटतं, हे आधी सांगते. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, पडीचं, म्हणजे मेलेल्या जनावराचं, मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी हात पसरू नका. आपल्या लोकांनी सोडलं. उपाशी राहून सोडलं. 'पड', 'चान्या', 'बलुतं', 'जोहार' हे शब्द झिजून गेलेले नाहीत, लोकांनी ठरवून टाकलेत. 'जोहार मायबाप' म्हणत कमरेत वाकणारी माणसं ताठ उभी राहून 'जयभीम' म्हणायला लागली. असा टाकलेला शब्द परत उचलून कोशात ठेवताना आईला काय वाटत असेल, याचा विचार आपण केलाच पाहिजे.

पण मग बेबीताई कांबळे आठवतात. आमच्या फलटणच्याच. त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं आणि ते कितीतरी वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. त्या लिहिताना थांबल्या असत्या तर महारवाड्यातली बाई काय जगली हे आज मलाही कळलं नसतं. म्हणून मला वाटतं, प्रत्येक नोंदीत एक ओळ असावी : हा शब्द कुणी, कधी, का सोडला. ती ओळ मला अर्थाइतकीच मोलाची वाटते.

कोकणी_बौद्ध

पूर्ण सहमत. सोडलेला शब्द आणि विसरलेला शब्द या दोन वेगळ्या खुणा हव्यात.

आमच्या रत्नागिरीकडचं बघा. उर्मिला पवारांचं 'आयदान' 2003चं. इतर ठिकाणी आयदान म्हणजे साधं भांडंही होतं. आमच्या वाडीत आयदान म्हणजे बांबूचं विणकाम : सूप, रोवळी, टोपली, हारा. माझी आजी अंगणात बसून कामट्या सोलायची, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. एका आयदानामागे पैसे कमी, तांदूळ जास्त मिळायचे, तेही वरून ओंजळीत टाकलेले. घाटावर हे काम बुरुडांचं आणि कोकणात महारांचं. एवढी एक गोष्ट नोंदीत आली तर 'प्रत्येक जातीचं काम ठरलेलं होतं' हे पुस्तकी वाक्य किती कच्चं आहे ते आपोआप कळेल.

आणखी एक. डिसेंबर 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलंच झालं. महारवाडा, मांगवाडा या पाट्या जायलाच हव्यात. पण कथा-कादंबऱ्यांमधून ते शब्द जाणार नाहीत, आणि पश्चिम महाराष्ट्रात महारवाड्यालाच 'राजवाडा' म्हणतात हे तर मला कॉलेजात जाईपर्यंत माहीत नव्हतं. 'आम्ही राजवाड्यात राहतो' हे वाक्य वाचून मी एका कथेचा अर्थच उलटा लावला होता.

निळी_पाटी

शिव्यांचं काय करणार? जातीवरून दिलेल्या शिव्या आणि त्या जुन्या कोशांतल्या 'म्हणी'? आत्मकथनांत त्या पानोपानी आहेत. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात असा उतारा मोठ्याने वाचला की मागच्या बाकावरून कुणीतरी हसतं आणि नंतर तोच शब्द कँटीनमध्ये ऐकू येतो. कोशात छापला म्हणजे त्याला मान्यता मिळाली असं लोक धरून चालतात.

चऱ्हाट

निळी_पाटी, हे तुझ्या बाबतीत घडलं असेल तर मुकाट सोसू नकोस. प्राध्यापकांना सांग, लेखी दे.

शिवी गाळली तर लेखकाने सोसलेलं गाळल्यासारखं होईल, म्हणून ठेवायला हवी. पण म्हणीसारखी, शहाणपणाचं वाक्य असल्यासारखी नाही. कोण कुणाला म्हणायचं, कशासाठी म्हणायचं आणि आज तो शब्द वापरणं गुन्हा ठरू शकतो, हे नोंदीतच लिहायचं. तुझ्यासारख्या विद्यार्थ्यांनी अशा नोंदी आधी वाचाव्यात आणि पसंत पडल्या तरच पुढे जाऊ द्याव्यात.

कोडवाला

तांत्रिक बाजू मी सांभाळतो. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, त्यामुळे एखादा शब्द जुन्या कोशात होता की नाही, अर्थ काय होता, हे मिनिटात कळेल. आपल्या नोंदीत तीही ओळ टाकू.

सुरुवात साध्या तक्त्याने करू. मोबाइलवर उघडेल, कुणालाही भरता येईल. पण माझी एक अट आहे : उच्चार ध्वनिमुद्रित हवा. 'येसकर', 'वेसकर', 'यिसकर' लिहून फरक कळत नाही, ऐकून कळतो. जात्यावरच्या ओव्यांचं केवढं मोठं काम हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी उभं केलं! लाखभर ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत, बायांच्या स्वतःच्या आवाजात ऐकता येतात. आपल्या कामाला तिथून सुरुवात करता येईल. त्या ओव्यांमधले किती शब्द कुठल्याच कोशात नसतील!

शब्दवेडा

माझी दुसरी शंका मी मागे घेतो. दोराच्या दोन टोकांचं उदाहरण पटलं.

पहिलीबद्दल सुचवतो : भटक्या-विमुक्तांच्या भाषांमधले शब्द घेताना मूळ भाषेचं नाव ठळक द्या. कैकाडी शब्द 'दलित मराठी' म्हणून नोंदवला तर त्या भाषेवर अन्याय होईल. 'उपरा', 'उचल्या', 'गबाळ', 'बेरड' या पुस्तकांसाठी त्या त्या समाजातला माणूस सोबत असल्याशिवाय नोंद पक्की करू नये. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा 11वा खंड फिरस्त्यांच्या बोलींवर आहे, पण त्या काळी काही जमातींवर गुन्हेगार असा शिक्का होता, ती नजर त्या लिखाणातही उतरलेली असते. जपून वापरावा.

मी निवृत्त आहे, वेळ आहे. पुस्तकं वाचून वाक्यं उतरवून काढायचं काम माझ्याकडे द्या. 'बलुतं'पासून सुरू करतो. अर्थ मात्र मी लिहिणार नाही, तो तुम्ही मंडळींनी लिहायचा.

परळचा_पोरगा

चळवळीतले शब्दही घ्या. जलसा! आज जलसा म्हटलं की लोकांना गाण्याची मैफल आठवते. आंबेडकरी जलसा म्हणजे भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशातली गण-गवळण मोडून उभा केलेला प्रचार. माझे आजोबा गिरणीची पाळी संपवून रात्रभर जलशाला बसायचे. त्या शब्दाचा हा अर्थ माझ्या मुलाला कुठेतरी लिहिलेला मिळाला पाहिजे.

सावित्रीची_लेक

आज सकाळी आईचाच फोन आला. म्हणाली, 'ते काय लिवताय त्यात घुंगुरकाठी आली का?'

मी म्हटलं, आली, येसकर भाकरी मागायला जाताना हातात धरायचा ती घुंगरं लावलेली काठी. ती म्हणाली, 'निम्मं लिवलंस.' मग तिने सांगितलेलं तिच्याच शब्दांत देते : 'काठी एकाच घरात कायम नसायची. ज्याची पाळी त्याच्या घरी काठी. पाळी सरली की दुसऱ्याच्या घरी. दारात जाऊन हाक मारायची नाय, नुसती काठी आपटायची. घुंगरं वाजली की आतली बाई भाकरी घेऊन यायची, वरून टाकायची. माझा बाप काठी घरात आणायचा नाय. वळचणीला खोचायचा. म्हणायचा, पोरांच्या कानात तो आवाज नको.'

मी हे सगळं तक्त्यात भरलं आहे. 'सोडला' या रकान्यात काय लिहू विचारलं, तर म्हणाली, 'तराळकी बंद केली त्या साली बापानं काठी चुलीत घातली.' साल तिला सांगता येत नाही. कनिष्ठ गावनोकरांची वतनं रद्द करणारा कायदा 1958चा, त्याच्या आधीचं की नंतरचं तेही तिला ठाऊक नाही, फक्त तेव्हा ती परकर नेसायची एवढं आठवतं.

तिने आणखी दोन शब्द सांगितले, पण मी एसटी स्टँडवर होते, गाड्यांच्या आवाजात नीट ऐकू आले नाहीत. रविवारी गावी जाऊन तिच्या आवाजातच मुद्रित करून आणते. कोडवाला, साध्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग चालेल ना?

कोडवाला

चालेल ताई. फक्त पंखा बंद ठेवा आणि आईंना मध्ये थांबवू नका.